गच्चीवर वायरलेस वेदर स्टेशन लावताय? आधी जागा शोधा

लोक मॉडेल निवडायला महिना घालवतात आणि लावायची जागा पाच मिनिटांत ठरवतात, करायचं खरं तर उलटं. कितीही महागातलं स्टेशन घ्या, टाकीला खेटून लावलं तर ते टाकीपाशी काय चाललंय तेवढंच सांगणार.

बॉक्स उघडल्या उघडल्या गच्चीवर पळू नका. सेन्सर आणि डिस्प्ले घरातच दोन-तीन मीटरवर ठेवून एक दिवस चालवून बघा. पाऊस मोजायच्या फनेलखाली सी-सॉसारखं डुलणारं छोटं भांडं असतं, ते हलू नये म्हणून कधी कधी कंपनी टेप लावून पाठवते, ती काढा. वायफायला जोडायचं असेल तर बहुतेक स्टेशनांना २.४ गिगाहर्ट्झच लागतं, ५ वर दिसतच नाहीत.

आता जागा. अडचण अशी की प्रत्येक सेन्सरची मागणी वेगळी. तापमान मोजायचं तर मोकळ्यावर, गवतावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. वारा मोजायचा तर १० मीटर उंच मोकळा खांब. आणि आपल्याकडे येतं ऑल-इन-वन, सगळं एकाच डबीत, म्हणजे तडजोड आलीच. पुण्यासारख्या ठिकाणी सोसायटीत राहत असाल तर माझं मत, पावसाला आणि वाऱ्याला झुकतं माप द्या, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, तिथलं तापमान थोडं जास्तच दिसणार हे धरून चाला. तरी सेन्सर स्लॅबपासून दोन मीटर तरी वर घ्या आणि एसीचे आउटडोअर युनिट, पत्र्याची शेड यांच्यापासून लांब ठेवा. खाली अंगण किंवा बाग असेल आणि वेगळा तापमान सेन्सर जोडता येत असेल तर तो तिकडे लावा, फक्त पांढऱ्या झडपांच्या कव्हरमध्ये, उघड्या उन्हात नाही.

पावसासाठी साधा हिशोब, अडथळा फनेलच्या तोंडापेक्षा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. टाकी दोन मीटर वर असेल तर चार मीटर लांब.

खांबाला दीड इंची जीआय पाइप पुरतो. स्लॅबला ड्रिल मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की चेअरमन सोडणार नाहीत (आणि बरोबरच आहे त्यांचं!). रंगाच्या मोठ्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरून त्यात पाइप उभा करा आणि वर कठड्याला क्लॅम्पने पक्का बांधा, नुसत्या डब्यावर वळवाच्या वाऱ्याचा भरवसा नाही. पाइप ओळंब्याने सरळ करा, युनिटवरची बुडबुड्याची लेव्हल मध्यावर आणा, फनेल तिरकं असेल तर पाऊस चुकीचाच मोजला जाणार. युनिटवरची उत्तरेची खूण मोबाइलच्या कंपासने बघून उत्तरेकडे करा, पण फोन लोखंडी पाइपपासून लांब धरून. बिल्डिंगवर वीजरोधक असेल तर खांब त्याच्यापेक्षा खालीच ठेवा.

बॉक्सवर लिहिलेली १०० मीटर रेंज मोकळ्या मैदानातली असते, मधे दोन स्लॅब आले की सळया सिग्नल खातात. डिस्प्ले खिडकीजवळ हलवून बघा, फ्रिज आणि राउटरपासून लांब.

हवेचा दाब बघून घाबरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे खरा दाब ९४०-९५० हेक्टोपास्कल दिसणार आणि बातम्यांमध्ये १०१० च्या आसपास, कारण तिथला आकडा समुद्रसपाटीला धरून काढलेला असतो. सेटिंगमध्ये रिलेटिव्ह प्रेशर (म्हणजे हाच समुद्रसपाटीला धरलेला दाब) जवळच्या विमानतळाच्या आकड्याशी जुळवून घ्या, शक्यतो शांत हवेच्या दिवशी.

पावसाची चाचणी घरीच होते. फनेलचा व्यास २० सेंमी असेल तर ३१४ मिली पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. पाणी थेंब थेंब सोडा, अर्धा तास लागला तरी चालेल, भसकन ओतलं तर भांडं मोजायला चुकतं. आणि हवामान खात्याशी तुलना करताना लक्षात ठेवा, त्यांचा २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो आणि तुमचं स्टेशन बहुतेक मध्यरात्री शून्यावर येतं, आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच स्टेशनला दोष देऊ नका.

मे संपायच्या आत फनेल एकदा साफ करा, कबुतरांची घाण, पानं, कोळ्याची जाळी सगळं त्यातच साठतं, आणि बॅटऱ्याही तेव्हाच बदला, भर जुलैत ओल्या गच्चीवर स्टूल घेऊन चढायला कोण जाणार!