तिखट सूप, पण घरातल्या सगळ्यांसाठी

तिखट सूप करायचं म्हटलं की बरेच जण नेहमीच्याच सूपात दोन चमचे लाल तिखट ढकलतात. मग पहिल्या घोटाला ठसका, तिसऱ्या घोटाला जीभ बधिर आणि घरातलं धाकटं माणूस वाटी सरकवून मोकळं. माझ्या सूपात तिखटपणा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जिनसांतून येतो आणि सगळ्यात जहाल भाग पातेल्यात जातच नाही, तो वेगळ्या वाटीत राहतो. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले सासरे आहेत, सहा वर्षांची लेक आहे आणि कशावरही मिरची भुरभुरणारा नवरा आहे. तिघांना पुरेल असं एकच पातेलं चढवायचं, तर याखेरीज इलाज नाही.

पाच जणांच्या पोटभर जेवणासाठी एक वाटी, म्हणजे साधारण 200 ग्रॅम, मसूर डाळ घ्या. सालं काढलेली केशरी डाळच हवी, ती शिजून विरघळते आणि सूपाला अंग देते. दोन मोठे कांदे, दोन गाजरं, एक बटाटा, चार पिकलेले टोमॅटो, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, थोडी कोथिंबीर. मसाल्यात एक चमचा जिरं, एक लहान चमचा लाल तिखट, अर्धा चमचा मिरी, तीन-चार सुक्या लाल मिरच्या. शेवटी एक लिंबू. कॉर्नफ्लोअर लागत नाही. डाळ आणि बटाटा असताना ते घालायची काही गरजही नाही, त्याने सूपाला लिबलिबीत चकाकी येते ती मला मुळीच आवडत नाही.

डाळ धुऊन बाजूला ठेवा. भाज्या बारीक चिरा, बटाट्याच्या फोडी मात्र जरा मोठ्या ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवा, जिरं तडतडू द्या आणि कांदा घाला. इथे घाई नको. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता, कडा तांबूस व्हायला लागल्या पाहिजेत. सूपाची गोडी या कांद्यातून येते आणि तिखटाला टेकायला गोडी लागतेच. आता ठेचलेलं आलं आणि निम्मा लसूण घाला, कच्चा वास गेला की आच बारीक करून लाल तिखट. तिखट तेलातच पडायला हवं. मिरचीतला झणझणीतपणा ज्याच्यामुळे येतो ते कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. उकळत्या सूपावर वरून तिखट टाकलं तर ते नीट मिसळत नाही, म्हणून एखाद्या घोटालाच जास्त लागतं. पण तिखट जळायलाही वेळ लागत नाही. रंग सुटला की लगेच गाजर, बटाटा आणि डाळ घालून दोनदा हलवा आणि सव्वा लिटर गरम पाणी ओता. मीठ आत्ता निम्मंच. सूप आटतं तसा खारटपणा वाढतो.

उकळी आली की वर फेस येईल, तो डावाने काढून टाका. मग झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. प्रेशर कुकर चालतो, पण त्यात बटाट्याचा पार लगदा होतो आणि चावायला काही उरत नाही.

टोमॅटो अजून घातला नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आंबटपणात डाळ आणि बटाटा दोन्ही शिजायला वेळ घेतात, डाळ जुनी असेल तर विचारूच नका. म्हणून तो दुसऱ्या कढईत, चमचाभर तेलावर, चिमूट मिठासकट तेल सुटेपर्यंत परता आणि डाळ मऊ झाली की सूपात मिसळा. आणखी सात-आठ मिनिटं उकळा.

दाटपणासाठी दोन-तीन डाव सूप वेगळं काढून रवीने घुसळा आणि परत ओता. अख्खं सूप मिक्सरमधून फिरवलं तर सगळे घोट सारखेच लागतात. मिक्सर वापरायचाच असेल तर आधी कोमट होऊ द्या. उकळत्या सूपाची वाफ झाकण उडवते आणि हात भाजतो.

आता ती वेगळी वाटी. लहान कढईत चार मोठे चमचे तेल घ्या, उरलेल्या लसणाचे पातळ काप गार तेलातच टाका आणि अगदी मंद आच ठेवा. आधी बारीक बुडबुडे येतील, मग कापांच्या कडा सोनेरी होऊ लागतील. त्याच क्षणी गॅस बंद. काप पुरते तांबूस व्हायची वाट पाहिली तर तेलाच्या उष्णतेने ते पुढे करपतात आणि सगळं कडू होतं. दहा-पंधरा सेकंद थांबून त्यात भरड कुटलेल्या सुक्या मिरच्या आणि चिमूट मीठ घाला. चुर्र असा आवाज यायला हवा, धूर मात्र नको. मिरची जहाल असेल तर कुटण्याआधी आतला पांढरट गर खरवडून टाका. तिखट बियांत असतं असं सगळे म्हणतात, पण ते मुख्यतः त्या गरात असतं. हे तेल ज्याने त्याने आपापल्या वाटीत घ्यावं. नवरा दोन चमचे घेतो, सासरे थेंबभर, लेक फक्त कुरकुरीत लसूण वेचून पळवते. उरलं तर बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेला लसूण खोलीच्या तापमानाला ठेवणं धोक्याचं असतं, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

मिरी सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर ताजी कुटून. फार उकळली तर तिचा सुगंध उडून जातो. मग लिंबाचा रस आणि कोथिंबीर. चव घ्या, राहिलेलं मीठ घाला. फिकं वाटलं तर आधी लिंबू वाढवून पाहा, पुष्कळदा मिठापेक्षा आंबटच कमी पडलेलं असतं.

पातेल्यातलंच तिखट जास्त झालं तर पाणी ओतू नका, त्याने सूप पाणचट होतं. उकडलेला बटाटा कुस्करून घाला किंवा वाटीत वाढल्यावर घोटलेलं दही. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून ठेवतं, म्हणून दह्याने जीभ लवकर शांत होते. दही उकळत्या पातेल्यात मात्र घालू नका, फाटतं.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. सकाळी ते खिरीसारखं घट्ट झालेलं असेल. गरम पाणी घालून सैल करा, पूर्ण उकळी आणा आणि लिंबू-मिरी परत थोडी ताजी घाला, कारण आदल्या रात्रीचा त्यांचा वास उतरलेला असतो. बटाट्याच्या फोडी एव्हाना मोडल्या असतील, त्या तशाच राहू द्या.