सडा ते खाडी: शहरी परिसंस्था पायी शिकवताना

पदवीच्या वर्गाला शहरी परिसंस्था शिकवताना सुरुवात बहुधा अमेरिकेतल्या बाल्टिमोर आणि फिनिक्स या शहरांपासून होते, कारण १९९७ मध्ये तेथे सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासांनी या विषयाला आकार दिला. ते शिकवावेच, पण दुसऱ्या महिन्यात. रत्नागिरीसारख्या शहरात पहिला धडा पाण्याच्या वाटेने द्यावा: सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडलेला पाऊस वस्तीतून, पऱ्ह्यांतून (लहान ओढ्यांतून) आणि गटारांतून भाट्याच्या खाडीपर्यंत कसा पोहोचतो, हे विद्यार्थ्यांनी चालत पाहावे आणि तीच वाट जुलैत, दिवाळीनंतर व एप्रिलमध्ये पुन्हा चालावी.

दिवस ठरवताना भरती-ओहोटी पाहावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. अष्टमीला भरती सहाच्या आणि ओहोटी बाराच्या सुमारास येते, पण तेव्हा भांग (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचा काळ) असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते दूरवर हटते, मात्र अगदी पहाटे किंवा तिन्हीसांजेला. म्हणून चतुर्थी सोयीची. भरती तीनला, ओहोटी नऊला, म्हणजे सातला सड्यावरून निघालेला वर्ग वेळेवर खाडीशी पोहोचतो.

वाटेत जमीन पाणी किती वेगाने पिते, हे मोजावे. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा मातीत दोन बोटे ठोकावा, त्यात एक लिटर पाणी ओतून ते मुरायला लागलेला वेळ नोंदवावा, आणि हाच प्रयोग आमराईत, तुडवलेल्या मैदानावर व पेव्हर ब्लॉक बसवलेल्या अंगणात करावा. कातळावर आणि पेव्हरवर डबा ठोकता येत नाही. पहिल्या वर्षी आमचे पाणी डब्याच्या बुडातून निसटले आणि आमराईपेक्षा अंगणच अधिक पाणी पिते, असा निष्कर्ष निघाला. एका गटाने त्याचा सुबक आलेखही काढला. तेव्हापासून डब्याची कड शाडूच्या मातीने लिंपतो. तो चुकीचा आलेख मात्र दरवर्षी वर्गात दाखवतो, कारण मोजमापाविषयी त्याहून चांगला धडा माझ्याकडे नाही.

खाडीकाठी तिवर या खारफुटीच्या झाडाजवळ अधिक वेळ द्यावा. पानांवर साचलेले मिठाचे कण भिंगातून दाखवावेत (चाखण्याचा मोह होतो, पण सांडपाणी मिळते त्या ठिकाणी तो आवरावा). मग सुतळीने एक मीटरचा चौकोन आखून चिखलातून वर आलेली श्वसनमुळे मोजावीत आणि त्यांतली किती प्लास्टिकखाली दबली आहेत, ते वेगळे लिहावे. ही मुळे ओहोटीच्या वेळी आपल्या छिद्रांतून हवा घेतात. त्यावर पिशवी बसली की झाड गुदमरू लागते. सड्याजवळच्या दुकानातली पिशवी इथवर कशी आली, हे त्या वेळी समजावून सांगावे लागत नाही. गट दहा-बारा जणांचाच असावा, सोबत चिखलाची माहिती असलेला स्थानिक मच्छीमार असावा आणि फांदी तोडू देऊ नये.

मूल्यमापनासाठी अहवाल मागण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या घराच्या पागोळ्यांचे पाणी कुठे जाते, याचा नकाशा काढायला सांगावे. 'गटारात' एवढेच उत्तर आले, तर वही परत द्यावी आणि ते गटार कोणत्या पऱ्ह्याला मिळते, हे पाहून यायला सांगावे.