इरकलीच्या जुन्या पदराची भिंतसजावट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक घरांत आजीचे एखादे इरकली लुगडे ट्रंकेत पडून असते. त्याचे अंग विरले तरी काठ आणि पदर सहसा शाबूत राहतात आणि भिंतीच्या सजावटीला तेवढेच पुरते. आधी पदराचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा; रंग उतरत असल्यास कापड न धुता सावलीत नुसती हवा द्यावी. मग मागे सुती अस्तर घेऊन भरतकामाच्या 8 इंची लाकडी रिंगेत तो तुकडा ताणून बसवावा आणि उरलेली कड धावदोऱ्याने मागे आवळावी. कापडाला डिंक मुळीच लावू नये, कारण तो रेशमातून वर येतो आणि डाग कायमचा राहतो (एक चांगला पदर गमावून मी हे शिकले). तांबड्या-पांढऱ्या दातेरी पट्ट्या बरोबर मध्यभागी न घेता किंचित खाली घेतल्यास अधिक उठून दिसतात. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून रिंगेच्या लाकडाला मागून बुचाचे दोन काप चिकटवावेत, म्हणजे मधून हवा खेळते आणि कापडाला सहसा बुरशी धरत नाही.