कृपादान घ्यावे कसे आणि वाटावे कसे

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'देणे' या विषयावर वर्षातून निदान चार उपदेश होतात. 'घेणे' या विषयावर एखादा उपदेश ऐकल्याचे मला आठवत नाही. आमच्या मंडळीचा खजिनदार म्हणून काही वर्षे काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, आपल्या देण्यात जे दोष दिसतात, म्हणजे उपकाराची भाषा, नाव वाचले जाण्याची हौस आणि चार महिन्यांनी सुरू होणारी कुरकुर, त्यांचे मूळ बहुधा आपल्या घेण्यात असते. स्वतःजवळचे सगळे आपणच कमावले असे ज्याला वाटते, त्याच्या हातून सुटणारा प्रत्येक रुपया त्याला तोट्याचाच वाटणार. म्हणून येथे आधी घेण्याची रीत सांगतो आणि मग वाटण्याकडे वळतो.

प्रथम शब्दाविषयी थोडे. नव्या करारातील 'खारिस्मा' या ग्रीक शब्दासाठी मराठी पवित्र शास्त्रात 'कृपादान' हा शब्द आला आहे आणि तो फार नेमका आहे, कारण मूळ शब्दातही 'खारिस' म्हणजे कृपाच आहे. कृपादान म्हणजे केवळ भविष्यवाणी, अन्य भाषा बोलणे किंवा रोग बरे करणे नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण आणि दया ही एकाच ओळीत येतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या त्याच क्रमांकाच्या अध्यायात चमत्कारांच्या शेजारीच साहाय्य आणि व्यवस्था यांना जागा दिलेली आहे. व्यवस्थेसाठी तेथे योजलेला ग्रीक शब्द जहाजाचे सुकाणू धरण्याशी संबंधित आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते.

आपल्याजवळ काय आहे हे कसे ओळखावे

"मला काही येत नाही हो" असे म्हणणाऱ्या एक बाई आमच्या मंडळीत आहेत. त्या प्रार्थना मोठ्याने करीत नाहीत आणि गाणे सुरू झाले की ओठ हलवतात इतकेच. परंतु कोणाच्या घरी मृत्यू झाला की तासाभरात त्या तेथे पोहोचलेल्या असतात. कोणत्या मुलाने सकाळपासून काही खाल्लेले नाही, दूध किती लागेल, दफनभूमीच्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, बाहेरगावाहून येणाऱ्यांची निजण्याची सोय कोठे करायची, हे सगळे त्या कोणालाही आज्ञा न करता जुळवून आणतात. सुकाणू धरणे म्हणतात ते हेच. त्यांना मात्र ते 'काही येणे' वाटत नाही, कारण ते त्यांना सहज येते.

यावरून पहिली सूचना अशी, की आपले कृपादान कोणते हे स्वतःच्या मनाला विचारण्याऐवजी दोन-तीन जवळच्या माणसांना विचारावे. "माझ्यात कोणते गुण आहेत?" असे विचारल्यास लोक संकोचाने गोड बोलतात, "माझ्यामुळे तुम्हाला कधी आणि कशात मदत झाली?" असे विचारल्यास खरे उत्तर मिळते. कृपादाने ओळखण्याच्या प्रश्नावल्या हल्ली शिबिरांमधून वाटल्या जातात. त्या भरायला हरकत नाही, पण पुष्कळ वेळा आपण काय व्हावे असे आपल्याला वाटते तेच त्यांच्यात उमटते.

दुसरी सूचना वहीची आहे. आठ दिवस रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी आपल्याला काय मिळाले आणि ते कोणाच्या हातून मिळाले, हे दोन-तीन ओळींत लिहावे. 'देवाची कृपा' असे मोघम लिहू नये. नळाला पाणी आले तेव्हा शेजारणीने आपला हंडा भरून ठेवला, कार्यालयातील सहकाऱ्याने चूक सर्वांसमोर न सांगता बाजूला घेऊन सांगितली, पाठदुखी असूनही आज बसमध्ये जागा मिळाली, असे लिहावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहीत काय लिहावे असा प्रश्न पडतो आणि नेमके तेथूनच डोळे उघडू लागतात. "जे तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?" या आशयाचा प्रेषित पौलाचा प्रश्न (१ करिंथ ४:७) पाठ असणे वेगळे आणि वहीच्या पानावर त्याचे उत्तर देता देता अडणे वेगळे.

हातांचे कौशल्यही या वहीत यावे. जुन्या करारातील 'निर्गम' या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो, ते उपदेश करण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे व पितळ घडवण्यासाठी, रत्ने जडवण्यासाठी आणि लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. जो सुतार किंवा वायरमन मंडळीत मागच्या बाकावर बसतो आणि आपले काम हे 'पोटापाण्याचे', तर पाळकांचे काम तेवढे 'देवाचे' असे समजतो, त्याने हा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

घेण्याची रीत

घेणे अवघड असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो तेव्हा शिष्य पेत्र पाय मागे घेतो. त्यात त्याची नम्रता आहे असे वरवर वाटते, पण प्रभू तिला नम्रता म्हणत नाही; तुला धुतले नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही, असे सरळ सांगतो. आपल्या घरांतून हाच प्रसंग रोज घडतो. आजारपणात कोणी भाकरी-भाजीचा डबा घेऊन येते आणि आपण दारातच "अहो, कशाला उगाच त्रास घेतलात" असे तीनदा म्हणतो. आणणाऱ्या माणसाने आपला वेळ आणि पीठमीठ खर्च करून जे आणले, त्याला आपण 'उगाच' म्हणत असतो. डबा दोन्ही हातांनी घ्यावा, "बरे झाले आणलेत, आज चूल पेटवायचे त्राण नव्हते" असे खरे ते सांगावे आणि येणाऱ्याला दोन मिनिटे बसवावे.

दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये ही आपल्याकडची चाल फार सुंदर आहे; निदान चिमूटभर साखर तरी घालून ते परत द्यावे, असे आमची आजी सांगत असे. परंतु संध्याकाळी डबा आला आणि सकाळीच त्यात शिरा भरून तो परत गेला, तर तो शिरा म्हणजे ऋण फेडल्याची पावती होते. डबा दोन दिवस राहू द्यावा. कोणाच्या तरी प्रेमाखाली दोन दिवस राहता येणे हीदेखील एक साधना आहे.

आभार मानताना देणाऱ्याचे नाव आणि वस्तू, दोन्हींचा उच्चार करावा. फिलिप्पैकरांस पत्राच्या शेवटी तुरुंगातला पौल मिळालेल्या मदतीबद्दल लिहितो तेव्हा ती कोणाबरोबर पोहोचली तेही सांगतो. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमउपज टोपलीत घालून आणणाऱ्या शेतकऱ्याने याजकासमोर आपल्या घराण्याची कथा सांगायची असते: माझा पूर्वज भटका होता, आम्ही मिसर देशात दास होतो, तेथून देवाने आम्हांला काढले आणि आता या भूमीचे हे पीक. प्रार्थनेत आपणही एवढा तपशील आणला तर प्रार्थना थोडी लांबेल, पण तिच्यात तीच ती वाक्ये राहणार नाहीत.

वाटण्याची रीत

पीक घरात येण्याच्या वेळी ते देवासमोर नेण्याची पद्धत ख्रिस्ती समाजात सर्वत्र वेगवेगळ्या रूपाने आढळते. गोव्यात भाताच्या नव्या कणसांचा सण राय येथे ५ ऑगस्टला आणि ताळगाव येथे २१ ऑगस्टला होतो, तर मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. आमच्याकडे कापणीच्या सणाला वेदीसमोर ज्वारीची कणसे, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, कोंबड्या आणि कधीकधी बकरूही येते, आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. एक गावठी अंडे दहा रुपयांच्या बोलीने सुरू होते. ते घेणारा पैसे देऊन अंडे पुन्हा टेबलावर ठेवतो, मग त्याची पुन्हा बोली लागते आणि असे आठ-दहा हातांतून फिरून ते शेवटी कोणाच्या तरी घरी जाते. मी शेजारी वही घेऊन बसत असे. अंडे आणणाऱ्याचे नाव त्या वहीत नसते आणि ते नसावे. मात्र याच लिलावात दोन खात्यापित्या घरांमध्ये नारळावरून ईर्षा पेटली की नारळाचे काय झाले याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. सूत्रसंचालकाने अशी बोली हसतखेळत तेथेच थांबवावी.

सणाचे देणे सोपे असते. अवघड असते ते मंगळवारचे, गुरुवारचे. त्यासाठी मला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत मिझोरामच्या मंडळ्यांची आहे. तेथील स्त्रियांनी १९१० साली सुरू केलेल्या 'बुहफाय थाम' या प्रथेत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळा काढून ठेवतात. तो तांदूळ घरोघरून गोळा होतो, विकला जातो आणि त्यातून मंडळीचे काम चालते. ही मूठ पातेल्यात तांदूळ घालण्यापूर्वी निघते, जेवण झाल्यावर उरलेल्यातून नव्हे. पौलही करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याच्या त्याच्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो. पगारदाराने पगार जमा झाल्याच्या दिवशीच, किराणा व हप्ते यांच्या आधी, ठरवलेला भाग वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात टाकावा. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, असावा की नाही यावर पुष्कळ वाद घालता येतो. ज्यांनी अजून काहीच सुरू केलेले नाही त्यांनी आधी शंभरातील दोन रुपये काढावेत आणि वाद नंतर घालावा.

पैशाच्या बाबतीत भावनेपेक्षा शिस्त अधिक उपयोगी पडते. दानपेटी उघडताना नेहमी दोन माणसे असावीत, ती एकाच घरातील नसावीत, रक्कम तेथेच लिहून दोघांनी सही करावी आणि ज्याला पावती हवी त्याला ती त्याच दिवशी द्यावी. हे अविश्वासाचे लक्षण नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली मदत नेताना पौलाने स्वतःबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली आणि त्याचे कारणही लिहून ठेवले: या मोठ्या रकमेविषयी कोणी आपल्याला दोष लावू नये. एकदा केवळ घाईमुळे मी एकट्याने पेटी मोजली होती. रकमेत फरक नव्हता, पण पुढचे तीन रविवार माझी झोप उडाली होती.

पैशापेक्षाही वाटायला कठीण असते ते कौशल्य, कारण त्यासाठी आपली मक्तेदारी सोडावी लागते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे मला सर्वांत जवळचे वाटते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने रमाबाईंना. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी ज्या विद्येसाठी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, ती विद्या त्यांना अशी हातोहात मिळालेली होती. पुढे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना अक्षरांबरोबर छपाई, विणकाम, शेतीकामही शिकवले, आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. विद्वानांच्या सभेत गौरव मिळवून देणारी विद्या त्यांनी सोप्या वाक्यांवर खर्च केली. पेटी वाजवणाऱ्याने शेजारी एखाद्या मुलाला बसवावे, हिशेब जाणणाऱ्याने बचत गटातील बायकांना खतावणी शिकवावी, परिचारिकेने महिन्यातून एक दुपार वृद्धांचा रक्तदाब तपासावा, हा त्याच वाटेवरचा व्यवहार आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात कृपादानांचे 'चांगले कारभारी' होण्याचा बोध येतो (४:१०) आणि त्याच्या आदल्याच वचनात कुरकुर न करता पाहुणचार करण्याचा. खेड्यात नवऱ्याला 'कारभारी' म्हणतात, त्यामुळे या शब्दाला मालकीचा वास येतो. मूळ अर्थ मात्र दुसऱ्याचा माल सांभाळणारा असा आहे. कुरकुर टाळायची असेल तर झेपेल तेवढेच कबूल करावे. दर रविवारी पाच माणसांना जेवायला बोलावून स्वयंपाकघरात भांडी आपटण्यापेक्षा महिन्यातून एकदा एकाच माणसाला बोलवावे आणि घरात जे असेल ते वाढावे.

मंडळीबाहेरच्या माणसाला काही देताना त्याला कोणतीही अट जोडू नये, सूचकपणेसुद्धा नाही. 'धान्यासाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणा दुष्काळाच्या काळापासून आपल्या समाजाच्या मागे लागलेला आहे. शाळेची फी भरली म्हणून त्या मुलाने रविवारी दिसावे अशी अपेक्षा मनात येत असेल, तर फी शाळेत परस्पर भरावी आणि आपले नाव सांगू नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे डोंगरावरील प्रवचनातील वचन अशा वेळी अगदी शब्दशः पाळता येते.

शेवटची सूचना काम सोडण्याविषयी आहे, कारण मिळालेली सेवा मरेपर्यंत धरून ठेवणे हाही संचयच असतो आणि रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या मान्ना या अन्नाला, ते रात्रभर साठवल्यावर, किडे पडले होते. खजिनदारपद सोडण्यापूर्वी मी एका तरुण मुलीला सहा महिने शेजारी बसवले. पहिले दोन महिने ती फक्त नाणी वेगळी करीत असे, तिसऱ्या महिन्यापासून वही तिच्याकडे गेली आणि मी नाणी वेगळी करू लागलो. माझ्या वहीतील बेरजेत दोन वर्षांपूर्वी राहून गेलेली चाळीस रुपयांची चूक तिने चौथ्या महिन्यात शोधून काढली, पंचांसमोर न्यायच्या आधी मला दाखवली आणि तिच्या खाली माझी सही घेतली.