जांभ्यावर घर बांधताय? आधी टोपीखाली बघा

मे महिन्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, पहार मारली की ठण्णकन आवाज येतो आणि मालक लगेच म्हणतो, कातळ लागला ना, मग पाया कशाला खोल? पण ती नुसती जांभ्याची टोपी, खरी गडबड तिच्याखाली. आपला जांभा म्हणजे काळा पाषाणच कुजून झालेला, पावसाने सिलिका धुवून नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि हे कुजणं वरपासून खालपर्यंत सारखं नसतं.

तर पहिलं काम, शेजाऱ्याची विहीर बघा, फुकटचं बोअर आहे ते. विहीर नसेल तर चिऱ्याची खाण. पाणी खाली गेलं की भिंत वाचता येते: वर तांबडा भोकाभोकांचा जांभा, मग ठिपकेवाला मऊ थर, मग गुलाबी-पांढरी शेडी, म्हणजे मऊ मातकट थर, तिच्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, आणि मग कुठे काळा फत्तर. शेडी किती फूट आहे ते लिहून ठेवा.

आता हाताची टेस्ट. लिंबाएवढी ओलसर शेडी घ्या आणि मळा. सुरुवातीला रव्यासारखी भुसभुशीत लागते, वाटतं रेतीच आहे, पण मळत राहा, पाच-सात मिनिटांत बोटांना चिकटायला लागते. लोखंडाच्या ऑक्साइडने बारीक कण बांधून गठ्ठे केलेले असतात, ते मोडले की आतली चिकणमाती बाहेर येते. म्हणून लिक्विड लिमिटचा, म्हणजे किती पाण्याला माती पातळ होऊन वाहायला लागते त्याचा, आकडा किती वेळ मळलं त्यावर हलतो, लॅबवाल्याला मळायचा वेळ रिपोर्टात लिहायला सांगाच.

सॅम्पल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओलंच पाठवा. इथे मी स्वतः फसलोय, एका लॅबने आमची माती १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये कडक सुकवून मग टेस्ट केली, प्लॅस्टिसिटी, म्हणजे मातीचा चिकटपणा, कमी आली, आम्ही खूश, आणि जुलैत गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, पोट सुटलं. अशा मातीत हॅलोयसाइट नावाचं खनिज असलं तर त्याच्यातलं पाणी एकदा गेलं की परत येत नाही, माती कायमची बदलते. ओलाव्याचा आकडा ५० डिग्रीला सुकवून पण काढायला सांगा, १०५ च्या आकड्याशी ४-५ टक्क्यांचा फरक आला तर सगळ्या टेस्ट न सुकवता करायच्या.

बोअर मारताना दगड लागला म्हणून थांबू देऊ नका. तो पापुद्र्यांचा धोंडा असू शकतो, खाली परत शेडीच. निदान ३ मीटर सलग फत्तर निघाला तरच खडक माना. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरणार, कुरकुरू दे.

राहिलं पाणी. जांभा पाणी पटापट पितो, शेडी पुढे सोडत नाही, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर पाणी तुंबतं. उन्हाळ्यात उभी कापलेली दरड मस्त उभी राहते कारण अर्धवट ओली माती स्वतःला आवळून धरते, दोन आठवडे पाऊस झोडपला की ती पकड संपली. कापायच्या आधी वरच्या बाजूला चर काढून वरून वाहत येणारं पाणी बाजूच्या पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, वळवा. दरडीला टेकू देणाऱ्या भिंतीला पाणी जायला भोकं ठेवाल तर मागे खडी आणि फिल्टरचं कापड घालाच, आणि भोकातून गढूळ पाणी यायला लागलं तर भोक बुजवू नका, मागची माती वाहून चाललीये, आधी वरचा चर तुंबलाय का बघून या.