कुटुंबाने मिळून मंडळीची सेवा कशी करावी

पुष्कळ ख्रिस्ती घरांत प्रत्येक जण मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, काही ना काही करतच असतो. आई महिला मंडळाच्या सभेला जाते, वडील कार्यकारिणीच्या बैठकीला बसतात, मुलगी गायकवृंदात गाते, आणि रविवारी एकत्र उपासनेला येऊनही सगळे आपापल्या कामात पांगतात. ही सेवा मोलाचीच आहे. मात्र घर म्हणून केलेली सेवा वेगळी असते. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 16व्या अध्यायात प्रेषित पौल स्तेफनाचा उल्लेख करतो, तो पवित्र जनांच्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या, सेवेला वाहून घेतलेल्या सबंध घराण्यासह. राहुट्या करणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमत असे, आणि अपुल्लो या उपदेशकाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगण्यासाठी ती दोघे मिळूनच पुढे झाली.

सुरुवात पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारून करावी. आपल्याला काय आवडते यापेक्षा मंडळीत कशाची उणीव आहे, हे त्यांना अधिक ठाऊक असते. त्यांनी सुचवलेल्या कामांतून एकच काम निवडावे, आणि निवडताना घरातील सर्वांत लहान व सर्वांत वयस्कर व्यक्तीला त्यात खरेखुरे काम मिळेल का, हे पाहावे. मुलांना नुसते सोबत नेऊन कोपऱ्यात बसवले, तर त्यांना ती सेवा शिक्षेसारखी वाटू लागते.

आजारपणामुळे किंवा वयामुळे उपासनेला येऊ न शकणाऱ्यांची घरी जाऊन भेट घेणे, हे मला कुटुंबासाठी सर्वांत योग्य काम वाटते. आधी फोन करून त्यांना सोयीची वेळ विचारावी आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नये, कारण आजारी माणूस भिडेपोटी जा असे म्हणत नाही. लहान मुलाने बायबलमधील 23वे किंवा 121वे स्तोत्र वाचावे; त्याच्याकडून आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्याने वाचून घेतले म्हणजे तो अडखळत नाही. मोठ्यांनी कमी बोलावे व जास्त ऐकावे. निघण्यापूर्वी बंद पडलेला दिवा बदलणे, औषधांच्या वेळा ठळक अक्षरांत लिहून देणे, अशी एखादी अडचण दूर करता आली तर करावी. कोणाला प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर व द्राक्षारस) हवे असल्यास तो निरोप त्याच दिवशी पाळकांपर्यंत पोहोचवावा. तिथे कानावर पडलेले दुखणे किंवा घरातील कलह त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय प्रार्थनासभेतही मांडू नये, आणि हे मुलांनाही निघण्याआधीच स्पष्ट सांगावे.

भेटी जमत नसतील, तर मंडळीत नव्याने आलेल्या कुटुंबाला किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला जेवायला बोलवावे. साधा स्वयंपाक पुरेसा असतो. उपासनेनंतरची आवराआवरही सगळ्यांना मिळून करता येते.

दोन ठिकाणी मात्र काळजी घ्यावी. दानाच्या पैशांची मोजणी एकाच घरातील माणसांनी करू नये. त्यात निदान दोन वेगवेगळ्या कुटुंबांतील व्यक्ती असाव्यात. यात कोणावर अविश्वास नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलानेही कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून इतरांना सोबत घेतले होते. तसेच दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना किंवा सांभाळताना कोणत्याही मोठ्या माणसाने त्यांच्यासोबत एकटे राहू नये, आणि यासंबंधीचे मंडळीचे नियम आधीच समजून घ्यावेत.

परीक्षा, बाळंतपण, नोकरीतील बदल अशा काळात काम कमी करावे लागले, तर ते उघडपणे सांगावे. भेटीचे काम सोडताना दुसऱ्या कुटुंबाला एक-दोनदा सोबत नेऊन ओळख करून द्यावी, कारण वाट पाहत बसलेल्या वृद्ध माणसाला अचानक कोणीच येईनासे झाले, तर आपले काही चुकले असे वाटते.