रोमन इतिहास, रोमन जेवण आणि रोमवरचे सिनेमे: या चुका टाळा

आमचा एक छोटा ग्रुप आहे, प्राचीन रोमबद्दल वाचणारा, त्यावरचे सिनेमे आणि सिरीयली बघून भांडणारा, आणि वर्षातून एकदोनदा कुणाच्या तरी घरी जमून रोमन पद्धतीचं जेवण करून बघणारा. नवीन लोक येत राहतात याचा मला मनापासून आनंद आहे, पण येताना तेच ते घोळ घेऊन येतात आणि दरवेळी पहिल्यापासून सांगून सांगून घसा बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय.

ओवा म्हणजे लव्हेज नव्हे, आणि वरून मीठ घालू नका

अपिसियस या रोमन खवय्याच्या नावावर पाककृतींचं एक लॅटिन पुस्तक आहे. त्यात कालवं आणि शिंपल्यांसाठी जिऱ्याचा एक सॉस दिलाय: मिरी, लव्हेज, पार्सली, वाळलेला पुदिना, तमालपत्र, भरपूर जिरं, मध, व्हिनेगर आणि लिक्वामेन. झालं, संपली पाककृती. प्रमाण नाही, आच नाही, किती वेळ ते नाही. लिक्वामेन म्हणजे मासे आणि मीठ मुरवून काढलेला पातळ रस, सगळे ज्याला सरसकट गारम म्हणतात तोच प्रकार.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका उत्साही मुलाने हाच सॉस करायला घेतला, तिसऱ्यांबरोबर. मी पोचलो तेव्हा दारातच वास आला, आणि तो वास होता पोट दुखल्यावर आजी जे काही चावायला द्यायची त्याचा. आत गेलो तर हा खूश, "काका, लव्हेज मिळालं हो, घरातच होतं!" मी डबा उघडून बघितला, ओवा. आता त्याचीही अगदीच चूक म्हणता येत नाही, कारण ओव्याच्या काही पाकिटांवर इंग्रजी नाव म्हणून खरंच लव्हेज छापलेलं असतं. पण रोमन लोकांचं लव्हेज म्हणजे सेलरीसारख्या वासाचं एक पालेदार झाड, ओव्याशी त्याचा चवीने काही संबंध नाही. याने मूठभर ओवा खलबत्त्यात कुटून घातलेला. त्यावर फिश सॉस जवळजवळ अर्धी वाटी. आणि वर, हे मला शेवटी कळलं, दोन चमचे मीठ, का तर "पाककृतीत मीठ लिहायचं राहून गेलंय बहुतेक".

अरे बाबा, राहून नाही गेलं! लिक्वामेन हेच त्यांचं मीठ. त्या पुस्तकात पानंच्या पानं मिठाचं नाव नाही ते याच कारणाने. मग एका वहिनींनी खारट कमी करायला बटाटा सुचवला, आणि बटाटा तर रोमन स्वयंपाकघराने कधी बघितलाच नाही, पण तेव्हा वाद घालायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. बटाट्यानेही काही झालं नाही. दोन किलो तिसऱ्या, सकाळी बाजारातून आणलेल्या, चार पाण्यांत धुतलेल्या, विळीवर एकेक उघडलेल्या, सगळ्या फेकाव्या लागल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

माझी पद्धत सांगतो. लव्हेजच्या जागी सेलरीची पानं, देठ नको, पानंच, बारीक चिरून आणि थोडी कमीच. फिश सॉस घेताना बाटली उलटी करून वाचा, मासे आणि मीठ एवढंच लिहिलेलं हवं, फार तर थोडी साखर. आधी मिरी-जिरं भाजून कुटायचं, मग मध आणि व्हिनेगर, आणि फिश सॉस सगळ्यात शेवटी, एक चमचा घालायचा, चाखायचं, मग दुसरा. रोमन जेवण करायच्या दिवशी मी मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवून देतो, हात जायलाच नको.

आणि हो, गारम घरी करायचं खूळ डोक्यातून काढा. दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच, बांगड्याची आतडी आणि मीठ बरणीत भरून गॅलरीत ठेवलं तर आठवड्यात होईल का. नाही होणार. मीठ कमी पडलं तर मासा मुरत नाही, सडतो, आणि त्यातून होणारी विषबाधा साधी नसते. इटलीत चेतारा गावात आजही अँचोव्ही आणि मिठापासून असाच रस काढतात, त्याला महिनोन् महिने लागतात. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात स्कॉरस नावाच्या माणसाने या धंद्यात एवढा पैसा केला की घराच्या फरशीत मोझेकने आपल्या सॉसच्या बरण्या काढून घेतल्या, त्यावर जाहिरातीसकट. एवढा पैसा ज्या धंद्यात होता तो चार दिवसांत उरकायचं काम नव्हतं. ज्यांना धीर नाही त्यांनी बाटली आणावी, त्यात काही कमीपणा नाही.

तमालपत्राचा घोळ

हा उलटा घोळ. युरोपातलं बे लीफ म्हणजे लॉरेल, वेगळं झाड. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. पाककृतीत लॉरेल लिहिलं असेल तर आपलं तमालपत्र घालून ती चव येत नाही. पण वरच्या सॉसच्या मूळ लॅटिनमध्ये तमालपत्रासाठी जो शब्द आहे तो मालाबाथ्रम, आणि तो शब्दच मुळात आपल्या तमालपत्रावरून गेलाय! पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भारतातून जाणाऱ्या मालात मालाबाथ्रमची नोंद आहे, मिरीची आहे, आणि त्याच पुस्तकात आपलं कल्याण, पैठण आणि तेर पण आहे. तेव्हा इथे बिनधास्त घरच्या डब्यातलं पान घ्या, हीच योग्य वस्तू आहे. लॉरेल मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जेवणातल्या बाकीच्या चुका

टोमॅटो, मिरची, मका, बटाटा यातलं काहीही रोमन जेवणात नाही, हे सगळं अमेरिकेतून, १४९२ नंतर.

सीझर सॅलडचा ज्युलियस सीझरशी संबंध नाही, ते १९२४ साली मेक्सिकोत तिहुआनाला एका हॉटेलवाल्याने केलं.

व्होमिटोरियम म्हणजे ओकायची खोली नव्हे, अँफिथिएटरमधून गर्दी बाहेर पडायचा रस्ता.

रोज मोर आणि उंदीर खायचे? अहो, मधात घोळवलेला डॉरमाउस, म्हणजे खारीसारखा एक उंदीर, ही श्रीमंतांची थेरं. शहरातला साधा माणूस भाड्याच्या खोलीत राहायचा, तिथे बहुतेकदा चूलच नसायची, मग कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊन कडधान्य, पाव, एखादा तुकडा मटण. पॉम्पेईत अशी एक खानावळ पूर्ण उकरून २०२० च्या डिसेंबरात दाखवली, तिच्या ओट्यात बसवलेल्या मडक्यांत बदक, डुक्कर, बोकड, मासे, गोगलगायी यांचे अवशेष निघाले, आणि वाइनच्या मडक्यात दळलेल्या बाकल्याचं, म्हणजे फावा बीन्सचं, पीठ. त्याच गावात एका भट्टीत ८१ पाव जळून कोळसा झालेले सापडले, गोल, वरून आठ भाग पाडलेले. रोमन जेवणाची सुरुवात करायची तर असा पाव करा आणि डाळीचं काहीतरी. नवशिके लोक पहिल्याच दिवशी सम्राटाची मेजवानी करायला जातात आणि मग तिसऱ्या फेकाव्या लागतात.

सिनेमातला खून इतिहासात घुसवणं

ही माझी सगळ्यात दुखरी नस. एका कॉलेजच्या क्विझला गेलो होतो, प्रेक्षक म्हणून. प्रश्न आला, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा खून कोणी केला? एका मुलीने उठून सांगितलं की खून नाही, तो आजारपणात गेला. चूक दिली! पुढच्या टीमने त्याचा मुलगा कमॉडस म्हटलं, दहा मार्क. त्या मुलीचा चेहरा बघवला नाही मला. संपल्यावर प्रश्न काढणाऱ्या सरांना गाठलं, तर ते म्हणाले, "अहो पण सिनेमात स्पष्ट दाखवलंय." सिनेमा म्हणजे २००० सालचा ग्लॅडिएटर. त्यात कमॉडस बापाला छातीशी धरून गुदमरवतो, सीन जबरदस्त आहे, मी स्वतः कितीतरी वेळा बघितलाय. पण मार्कस इ.स. १८० मध्ये वारला तेव्हा कमॉडस तीन वर्षांपासून, म्हणजे १७७ पासून, बापाच्या जोडीने सम्राट होता, गादी त्याला मिळालेलीच होती. आणि सिनेमाचा नायक मॅक्सिमस हे पात्र काल्पनिक, कमॉडस आखाड्यात मेला नाही, तो पुढे बारा वर्षं एकट्याने राज्य करून ३१ डिसेंबर १९२ ला मेला, आधी विष दिलं ते त्याने ओकून टाकलं म्हणून मग नार्सिसस नावाच्या पैलवानाकडून गळा दाबून.

आता गंमत बघा. सरांनी सिनेमाऐवजी कॅसियस डिओ, त्या काळातला सिनेटर आणि इतिहासकार, उघडला असता तर त्यांच्या बाजूने बोलायला खरंच काहीतरी मिळालं असतं. डिओ लिहितो की मार्कसला डॉक्टरांनीच मारलं असं त्याच्या कानावर आलं होतं, कमॉडसला खूश करण्यासाठी. ऐकीव गोष्ट आहे, तो स्वतः तिथे नव्हता, पण प्रश्न करायचा तर यावर करा ना, "डिओच्या मते कोणी मारलं", बघा किती छान प्रश्न होतो.

आणि जिथे डिओ स्वतः हजर होता ते तर कुठल्याही सिनेमापेक्षा भारी आहे. कमॉडस खरंच आखाड्यात उतरायचा. एकदा त्याने शहामृग मारला, मुंडकं कापलं, आणि एका हातात मुंडकं, दुसऱ्यात रक्ताळलेली तलवार घेऊन सिनेटर बसले होते तिथे आला. बोलला काही नाही, नुसता दात काढत मान हलवत राहिला, म्हणजे तुमचंही असंच करीन. डिओ त्या रांगेत बसलेला. त्यांना भीतीपेक्षा हसू यायला लागलं, आणि हसला की मेलाच. तेव्हा डिओने डोक्यावरच्या माळेतली लॉरेलची पानं तोडून तोंडात टाकली आणि चावत बसला, शेजारच्यांनाही चावायला लावली, म्हणजे तोंड हलताना दिसलं तरी हसू कळणार नाही. मी हे वाचलं त्या दिवशी एका ओळखीच्यांनी परदेशातून आणलेलं लॉरेलचं पान चावून बघितलं. कडू, चिवट, पटकन गिळता येत नाही. त्या माणसाने ते किती वेळ चघळलं असेल हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

माझी सवय साधी आहे, सीन आवडला की त्या माणसाबद्दल त्या काळातलं कोण लिहितंय, आणि तो तिथे होता का, एवढं बघतो. अर्धा तास लागतो. ज्यांना अर्धा तास नाही ते मग सिनेमावर क्विझ काढतात.

पडद्यावरच्या बाकीच्या, पटापट

अंगठा खाली म्हणजे मारा: हे चित्र डोक्यात बसवलं ते जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या पेंटिंगने. रोमन कवी जुवेनाल अंगठा वळवल्याचं सांगतो, कुठल्या दिशेला ते सांगत नाही.

"मरणारे तुला वंदन करतात": हे सम्राट क्लॉडियसच्या वेळी इटलीतल्या फुचिनो सरोवरावरच्या लुटुपुटीच्या आरमारी लढाईआधी कैदी म्हणाले अशी नोंद आहे. ग्लॅडिएटर रोज म्हणायचे असं कुठेही नाही.

घोड्याला रिकीब दिसली की समजा चूक आहे.

नीरो कोलोसियममध्ये: शक्यच नाही, तो ६८ मध्ये मेला, कोलोसियम ८० मध्ये उघडलं.

पांढरे शुभ्र पुतळे: रंगवलेले असायचे.

सीझरचा खून फोरममधल्या सिनेट हाउसमध्ये झाला नाही, पॉम्पे या रोमन सेनापतीच्या थिएटरला लागून असलेल्या सभागृहात झाला.

वय काढताना इसवी सनात शून्य साल नसतं हे विसरू नका. ऑगस्टस इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरचा, गेला इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये, सगळे ६३ अधिक १४ करून ७७ लिहितात, पण तो ७५ वर्षांचा होता.

आणि पडद्यावरचं सगळंच खोटं असं म्हणत फिरणारेही नकोत. २००५ च्या रोम सिरीयलमधले व्होरेनस आणि पुलो, ते दोघे सैनिक, सीझरने स्वतः गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धावरच्या पुस्तकाच्या पाचव्या भागात नावानिशी आणलेत. एकमेकांशी चढाओढ करणारे, आणि ऐन लढाईत एकमेकांचा जीव वाचवणारे. तेवढा भाग दहा मिनिटांत वाचून होतो, आधी तो वाचा आणि मग पहिला एपिसोड लावा.